पाणी कुणाचं, सोडतं कोण?

शनिवारी-रविवारी भल्या सकाळी पुण्याहून पौड रस्त्याने निघालेल्या गाड्यांपैकी थोड्या घोटावडे फाट्याला उजवीकडे वळतात आणि भरे गावाकडे जातात. बाकीच्या सरळ पौड, मुळशी करत ताम्हिणी घाट उतरून कोकणात जातात. त्यांतल्या कित्येक गाड्या कोलाडला, कुंडलिका नदीवर राफ्टिंगसाठी निघालेल्या असतात. फाट्यावर वेगळे होणारे हे दोन रस्ते एकाच नदीच्या दोन गोष्टी सांगतात. भरे हे मुळा नदीच्या खोऱ्यातलं, मुळशी धरणाच्या खालच्या अंगाचं गाव. इथून पुढे मुळा पुण्यात मुठेला भेटते, पुढे भीमेत आणि कृष्णेत मिसळून बंगालच्या उपसागराला जाते. पण याच मुळेचं धरणात अडलेलं बरंचसं पाणी उलट्या दिशेला, सह्याद्रीतल्या बोगद्यातून आणि पोलादी नळांतून कोकणात भिऱ्याच्या वीजघरावर उतरतं, कुंडलिकेत मिसळतं आणि रेवदंड्याजवळ अरबी समुद्राला मिळतं. ज्या डोंगराला वळसे घालत माणसं कोलाडला पोचतात, त्याच डोंगराच्या पोटातून पाणी त्यांच्या आधीच खाली उतरलेलं असतं.

राफ्टिंगचा पहिला अनुभव आता अनेक मराठी कुटुंबांना परदेशात मिळतो. बाली, श्रीलंका, नेपाळ, न्यूझीलंड अशा सहलींच्या कार्यक्रमपत्रिकेत चौथ्या किंवा पाचव्या दिवशी एक ओळ असते, ‘सकाळी रिव्हर राफ्टिंग’. मग प्रश्न सुरू होतात. पैसे किती, पोहता यायला हवं का, मोबाईल कुठे ठेवायचा, फोटो कोण काढणार, जेवण त्यातच धरलंय का. सगळे प्रश्न रास्त आहेत. पण ज्या प्रश्नावर बाकी सगळं अवलंबून आहे तो सहसा कुणी विचारत नाही. या नदीतलं आजचं पाणी येतंय कुठून, ते सोडतं कोण, आणि आज किती आहे? माझं म्हणणं एवढंच आहे की नदीत पाय टाकण्याआधी हा प्रश्न विचारण्याची सवय आपण लावून घ्यावी. सुरक्षितता त्यातून येते, नदीची खरी ओळख त्यातून होते आणि त्या पाण्यापायी कुणी काय गमावलं तेही त्यातूनच कळतं. हा प्रश्न शिकण्यासाठी कुंडलिकेसारखी शाळा नाही, आणि तिचं पाणी आपल्या मुळशीचं आहे.

आधी, राफ्टिंग ज्यात करतात ते पांढरं पाणी म्हणजे काय ते पाहू. नदीचं पाणी मुळात पांढरं नसतं. उतार वाढला, पात्र अरुंद झालं किंवा तळाशी मोठे कातळ आले की वाहत्या पाण्याचा पदर फाटतो, त्यात हवा कोंडली जाते आणि लाखो बुडबुड्यांमुळे ते फेसाळ दिसू लागतं. कातळावरून उडी घेतलेलं पाणी खालच्या डोहात शिरतं तेव्हा पृष्ठभागावरचं पाणी मागे, कातळाच्याच दिशेने ओढलं जातं. तिथे गोल फिरणारा एक पट्टा तयार होतो आणि राफ्ट किंवा माणूस त्यात अडकू शकतो. मोठ्या दगडाच्या आडोशाला याच्या उलट शांत पाण्याचा खण असतो, तिथे गाईड राफ्ट लावून सगळ्यांना दम घेऊ देतो. दोन दगडांमधून निघालेली गुळगुळीत, गडद रंगाची जीभ म्हणजे खोल पाण्याची वाट. अनुभवी गाईड नदी वाचतो म्हणतात ते याच खुणांवरून. आणखी एक बारकावा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. फेस म्हणजे निम्मी हवा. जितका फेस जास्त, तितकं ते पाणी माणसाला कमी उचलून धरतं. एरवी अंगातल्या लाइफ जॅकेटवर आरामात तरंगणारा माणूस दाट फेसात क्षणभर खाली जातो तो त्यामुळेच. पट्ट्यांची बक्कलं गाईड स्वतः ओढून बघतो, कारण सैल जॅकेट अशा क्षणी डोक्यावरून निघून येऊ शकतं.

उतार आणि कातळ वर्षानुवर्षं तेच राहतात. रोज बदलतं ते पाण्याचं प्रमाण. धरणातून सोडलेल्या पाण्याच्या बातमीत क्युसेक हा शब्द आपण पावसाळाभर वाचतो, पण तो डोळ्यांसमोर उभा राहत नाही. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. म्हणजे हजार क्युसेकचा प्रवाह सेकंदाला २८ हजार लिटर पाणी वाहून नेतो. दहा हजार लिटरचे जवळजवळ तीन टँकर दर सेकंदाला आपल्या समोरून जातात असं समजा. त्यातून वेगाचा हिशेब सरळ चालत नाही. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की अंगावर येणारा त्याचा जोर चौपट होतो. गुडघाभर पाण्यात उभा असलेला धडधाकट माणूस प्रवाह थोडा वाढताच आडवा होतो, तो याच चौपटीमुळे. राफ्टिंगच्या नद्यांना एक ते सहा अशी आंतरराष्ट्रीय श्रेणी लावतात. पहिली म्हणजे जवळजवळ संथ, सहावी म्हणजे सर्वसाधारण माणसाने नादी लागू नये अशी. पण ही श्रेणी एका ठरावीक पाण्याला धरून असते. पाणी चढलं की तिसरीचा टप्पा चौथीसारखा वागू शकतो, आणि पाणी फार उतरलं तर तोच टप्पा उघड्या दगडांचा सापळा होतो. जाहिरातीत ‘ग्रेड थ्री’ लिहिलेलं असतं, आज किती पाणी आहे ते लिहिलेलं नसतं.

आता कुंडलिका पाहा. मुळशी धरणाचं पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याला उतरतं. टाटांचं हे वीजघर १९२७ साली सुरू झालं. एक घनमीटर पाणी एवढ्या उंचीवरून टर्बाइनवर पडलं की घट वजा जाता साधारण सव्वा युनिट वीज मिळते. भिऱ्याचं जुनं १५० मेगावॉटचं केंद्र पूर्ण क्षमतेने चालवायचं तर ढोबळ हिशेबाने सेकंदाला ३४-३५ घनमीटर, म्हणजे बाराशे क्युसेकच्या आसपास पाणी लागतं. वीज करून बाहेर पडलेलं हे पाणी खाली एका छोट्या धरणात धरलं जातं, आणि रवाळजे इथल्या राज्य सरकारच्या ८० मेगावॉटच्या केंद्रातून त्यावर पुन्हा वीज केली जाते. तिथून सुटलेलं पाणी नदीच्या पात्रात येतं आणि जवळच साजे गावापाशी राफ्ट पाण्यात पडतात. तिथून कामतपर्यंतचा सुमारे १२ किलोमीटरचा टप्पा दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचा आहे. पुढे डोलवहालच्या बंधाऱ्यापाशी हेच पाणी कालव्यांकडे वळतं, कोकणातल्या शेतीला जातं. म्हणजे मुळशी खोऱ्यात पडलेला पाऊस आधी दोनदा वीज देतो, मग राफ्ट खेळवतो आणि पुढे भात पिकवतो. उन्हाळ्यात सह्याद्रीच्या बाकीच्या नद्या गोट्यांवर येतात तेव्हा कुंडलिका खळाळते, याचं श्रेय निसर्गाइतकंच विजेच्या वेळापत्रकाला जातं.

नवख्याला याचा मोठा फायदा आहे. सकाळी पाणी सुटतं, त्या पाण्याबरोबर राफ्ट निघतात आणि दोन-अडीच तासांत टप्पा संपतो. रोज त्याच वाटेने, जवळपास तेवढ्याच पाण्यात जाणाऱ्या गाईडला प्रत्येक खळाळ तोंडपाठ असतो. कुठल्या कातळाच्या डावीकडून जायचं, उलटलीच तर माणसं कुठल्या डोहात गोळा होतील, सेफ्टी कयाक कुठे उभी करायची हे सगळं आधीच ठरलेलं असतं. पहिल्यांदा वल्हं हातात धरणाऱ्याला नदीची शिकवणी घ्यायची असेल तर ती अशा ठिकाणी सोपी जाते. पावसाळ्यात मात्र हा हिशेब बदलतो. तेव्हा वीजघराच्या पाण्यात कुंडलिकेच्या स्वतःच्या खोऱ्यातला पाऊस आणि ओढ्यानाल्यांचं गढूळ पाणी येऊन मिळतं. पाणी वाढतं, मजाही वाढते, म्हणून गर्दी त्याच दिवसांत जास्त होते. पण वेळापत्रकाची खात्री त्याच दिवसांत सर्वांत कमी असते. वरच्या अंगाला ढग किती भरलेत हे तेव्हा खाली उभ्या राहिलेल्या माणसाला दिसत नाही. म्हणून पहिला अनुभव हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात घ्यावा, असं मला ठामपणे वाटतं.

कुंडलिकेची ही तऱ्हा जगावेगळी नाही. अमेरिकेत टेनेसी राज्यात ओकोई नावाची नदी आहे. १९१३ पासून तिचं पाणी डोंगराच्या कडेने बांधलेल्या लाकडी पाटातून वीजघराकडे नेलं जाई आणि पात्र कोरडं पडे. १९७६ साली दुरुस्तीसाठी तो पाट बंद झाला, पाणी पात्रात परतलं आणि राफ्टिंगवाल्यांना एक उत्तम नदी सापडली. पुढे पाट दुरुस्त झाला तेव्हा प्रश्न पडला की पाणी विजेला द्यायचं की राफ्टला. शेवटी ठरलेल्या दिवशी पाणी नदीत सोडावं म्हणून बुडालेल्या विजेची भरपाई तिथल्या संसदेने वीज करणाऱ्या सरकारी संस्थेला दिली. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमधल्या कनू-कयाक स्लालम स्पर्धा याच नदीवर झाल्या. राफ्टला लागणाऱ्या पाण्याला रोख किंमत असते, हे यापेक्षा उघडपणे कुठे दिसत नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधली टली नदी करीया वीजकेंद्रातून सुटणाऱ्या पाण्यावर चालते. श्रीलंकेत किटुलगलाजवळ केलनी नदीवर जिथे राफ्टिंग होतं, त्याच्या वरच्या अंगाला वीज प्रकल्पांची साखळी आहे. न्यूझीलंडच्या कैतुना नदीवर तुतिया नावाचा सात मीटरचा धबधबा आहे आणि त्यावरून राफ्ट नेतात. तिथलं पाणीही रोतोइती तलावाच्या तोंडाशी असलेल्या दरवाजांतून येतं. सात मीटर कोसळण्याचं धाडस करणारेही आधी त्या दरवाजांतून आज किती पाणी येतंय हे पाहतात.

सगळ्याच नद्यांवर धरण नसतं, हे खरं. बालीतली आयुंग नदी पावसावर चालते. झांबेझी नदी व्हिक्टोरिया धबधब्याखालच्या घळीत जगातल्या सर्वांत अवघड व्यावसायिक टप्प्यांपैकी एक देते, आणि तिथलं पाणी ठरतं वरच्या विशाल प्रदेशात आधीच्या महिन्यांत पडलेल्या पावसावर. पाणी चढलं की तिथले कित्येक टप्पे बंद ठेवतात. अशा नद्यांवर पाणी सोडणारा ऋतू असतो, एवढाच फरक. प्रश्न तोच राहतो, उत्तर मात्र वेगळ्या माणसाला विचारावं लागतं. धरणाच्या नदीवर पाणी कधी सुटणार ते विचारायचं. पावसाच्या नदीवर काल रात्री वर पाऊस झाला का, पाणी चढतंय की उतरतंय, काठच्या दगडांवरची ओली रेघ सकाळपासून वर सरकली का, हे विचारायचं. आपल्याकडचा कुणीही जुना शेतकरी किंवा कोळी ओढ्यात उतरण्याआधी पाण्याचा रंग बघतो. अचानक पालापाचोळा आणि काटक्या वाहून यायला लागल्या की तो मुलांना बाहेर ओढतो. हे ज्ञान आपल्या घरातलंच आहे. सहलीला निघालो की मात्र आपण ते घरी ठेवून जातो.

ते घरी ठेवण्याची किंमत काय असू शकते, हे ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात दिसलं. हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी मंडी जिल्ह्यात थलोट इथे बियास नदीच्या पात्रात, दगडांवर उभे राहून फोटो काढत होते. पाणी कमी होतं, दगड उघडे होते, संध्याकाळची वेळ होती. वरच्या लारजी धरणातून पाणी सोडण्यात आलं आणि बघता बघता पात्र भरलं. २४ विद्यार्थी वाहून गेले. ती मुलं राफ्टिंग करत नव्हती, कुठलंही धाडस करत नव्हती. दोष त्यांचा नव्हता. पुरेसा इशारा न देता पाणी सोडणं हाच मोठा दोष होता आणि पुढे उच्च न्यायालयाने पालकांना भरपाई देण्याचा आदेश दिला. पण या घटनेतून प्रवाशाने घ्यायचा धडा स्पष्ट आहे. धरणाखालच्या नदीचं कोरडं पात्र ही फक्त त्या घटकेची स्थिती असते. समोर दिसणाऱ्या पाण्यावरून अंदाज बांधायचा नसतो, वर अडवून धरलेल्या पाण्यावरून बांधायचा असतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा. परदेशात सगळं शिस्तीत असतं, तिथे आपण कशाला चौकशा करायच्या? शिस्त असते हे मान्य. प्रशिक्षित गाईड, नोंदणी, बचावाची साधनं यांबाबत अनेक देश आपल्यापुढे आहेत आणि त्यांच्याकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. तरी पाणी शिस्तीला बांधलेलं नसतं. अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनमधून वाहणारी कोलोराडो नदी १९६३ पासून ग्लेन कॅन्यन धरणाच्या ताब्यात आहे. तिथले दरवाजे वीजकेंद्राच्या गरजेनुसार चालतात आणि राफ्टवाल्यांना पाण्याचा अंदाज असतो. पण १९८३ च्या उन्हाळ्यात वरच्या डोंगरांतला बर्फ झपाट्याने वितळला, धरण काठोकाठ भरलं आणि जून अखेरीस नदीत ९० हजार क्युसेकहून अधिक पाणी सोडावं लागलं. त्या पुरात क्रिस्टल नावाच्या खळाळात मोटर लावलेल्या मोठमोठ्या राफ्टही उलटल्या आणि एका पर्यटकाचा जीव गेला. राफ्टिंगची जाण जिथे सर्वांत मुरलेली आहे, तिथे हे घडलं. व्यवस्था चांगली असेल तर प्रश्नाचं उत्तर लवकर आणि खरं मिळतं. तिचा उपयोग करायचा तर प्रश्न विचारावा लागतो. आणि चांगल्या व्यवस्थेची खूणच ही की आजचं पाणी किती, हे विचारल्यावर माणूस न चिडता आकडा सांगतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हे सगळं बघणं गाईडचं काम, त्यासाठीच तर आपण पैसे मोजतो. बरोबर आहे. नदीत उतरल्यावर गाईडचा शब्द शेवटचा, तिथे वाद घालायला जागाच नाही. पण काही निर्णय नदीत उतरण्याआधीचे असतात आणि ते गाईड घेऊ शकत नाही. कुठल्या महिन्यात जायचं, कुठल्या श्रेणीची नदी निवडायची, हृदयविकार, फिट येणं, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण लपवायचं नाही, दारू घेऊन यायचं नाही, हे आपणच ठरवायचं. परदेशी जाताना काढलेल्या प्रवास विम्यात साहसी खेळ धरलेत की वगळलेत, हेही निघण्याआधी वाचायचं असतं. अनेक पॉलिसींमध्ये ते वगळलेले असतात. आपल्या राज्याने २०२१ साली साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात अशा उपक्रमांसाठी नोंदणी सांगितली आहे. तेव्हा कोलाडला जाणाऱ्याने नोंदणी विचारावी, त्यात संकोच कसला? आणि आज पाणी जास्त आहे म्हणून ट्रिप रद्द, असं गाईडने सांगितलं तर हुज्जत न घालता मागे फिरणं हेही गिऱ्हाइकाचंच काम. दोनशे किलोमीटरवरून आलो म्हणून आग्रह धरणारा गट गाईडला धोक्याकडे ढकलतो. पाण्याचा आकडा समजणारा गट त्याला नाही म्हणायचं बळ देतो.

पाण्याची जाण नदीत प्रत्यक्ष कशी उपयोगी पडते, ते सुरुवातीच्या सूचनांमध्ये दिसतं. काठावर उभं राहून गाईड पाचदहा मिनिटं बोलतो, तेव्हा निम्मे लोक सेल्फी काढत असतात. तो सांगतो, पाण्यात पडलात तर पाठीवर या, पाय पुढे प्रवाहाच्या दिशेला, बोटं पाण्याच्या वर, आणि कमरेएवढं पाणी दिसलं तरी उभं राहू नका. यातलं शेवटचं वाक्य नवख्याला सगळ्यात विचित्र वाटतं. उभं राहण्याची इच्छा तर उपजतच असते. पण तळाच्या दोन दगडांमध्ये पाऊल अडकलं आणि मागून चौपटीच्या जोराने पाणी आलं, तर माणूस पुढे वाकतो आणि कमरेएवढ्या पाण्यातही त्याचं डोकं वर येत नाही. पाय पुढे ठेवायचे ते समोरचा कातळ पायांनी झेलता यावा म्हणून. वाहून आलेल्या झाडाच्या फांद्यांपासून लांब राहायचं, कारण पाणी त्यांतून निघून जातं आणि माणूस चाळणीत अडकल्यासारखा अडकतो. दोर फेकला तर दोरच धरायचा, मनगटाला गुंडाळायचा नाही. वल्ह्याच्या वरच्या टोकाची मूठ कधी सोडायची नाही, कारण मोकळं सुटलेलं टोक शेजाऱ्याच्या दातांवर बसतं. या प्रत्येक सूचनेमागे पाण्याची एक सवय आहे. ती सवय कळली की सूचना पाठ करावी लागत नाही, ऐन वेळी आठवते.

तिसरा आक्षेप मनातला आहे. एवढी मोजमापं करत बसलो तर थरार कुठे उरला? रोज ठरल्या वेळी सुटणाऱ्या पाण्यावरचं साहस खोटंच नाही का? मला तसं वाटत नाही. कातळावरून घसरणाऱ्या लाटेला ती पावसाची आहे की वीजघराची, याने काही फरक पडत नाही. तिचा जोर तोच, तिचा गारवा तोच. गड चढणाऱ्याला वाट माहीत असली म्हणून कडा लहान होत नाही. उलट, नदी वाचायला लागलेल्या माणसाला प्रत्येक खळाळात अधिक दिसतं. ती गडद जीभ, कातळामागचा शांत खण, राफ्टचं नाक लाटेला सरळ ठेवायची गाईडची घाई हे सगळं दिसायला लागतं. भीतीने डोळे मिटून ओरडणाऱ्याला त्यातलं काहीच दिसत नाही. साहस म्हणजे धोका समजून, तयारीनिशी त्याला सामोरं जाणं. आपल्या गिर्यारोहकांनी सह्याद्रीत हेच शिकवलं आहे. नदीला ते लागू होत नाही असं मानायचं कारण नाही.

शेवटचा आक्षेप असा येईल की एका दिवसाच्या मौजेत इतिहास कशाला आणायचा. पण पाणी कुणाचं, हे एकदा विचारलं की इतिहास न बोलावता येतो. ज्या धरणाच्या पाण्यावर कुंडलिका खेळते, त्याविरुद्ध १९२१ च्या रामनवमीला मुळशी पेट्यातल्या मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पन्नासहून अधिक गावं आणि त्यांची आंबेमोहोर पिकवणारी भातखाचरं या प्रकल्पाच्या छायेत होती. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट या लढ्याच्या पुढाऱ्यांत होते. बापटांना लोक सेनापती म्हणू लागले ते या लढ्यापासून. देशातल्या धरणविरोधी लढ्यांत हा अगदी सुरुवातीचा. १९२४ पर्यंत तो संपला, धरण झालं, मुंबईला वीज मिळाली आणि गावं पाण्याखाली गेली. हे सांगताना राफ्टमध्ये बसणाऱ्याला अपराधी वाटावं असा माझा हेतू नाही. वीज आपण सगळेच वापरतो. पण ज्या पाण्यावर आपण दोन तास आनंदाने ओरडतो ते कुणाच्या तरी खाचरांवर साठलेलं आहे, एवढं माहीत असणं हा साधा सभ्यपणा आहे. पाहुण्याने यजमानाचं नाव तरी विचारावं.

आणि हा हिशेब संपलेलाही नाही. कृष्णा पाणी तंटा लवादाने भीमेच्या वरच्या खोऱ्यातून टाटांच्या धरणांमार्फत पश्चिमेला वळणाऱ्या पाण्यावर मर्यादा घातली. हे पाणी सरासरीने वर्षाला ४२ टीएमसीच्या आसपास आहे. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. हे पाणी पुन्हा पूर्वेकडे, भीमा खोऱ्यातल्या कोरड्या तालुक्यांना द्यावं ही मागणी गेली कित्येक वर्षं होते आहे. तिचा निकाल काहीही लागो, त्याचा परिणाम सोलापूरकडच्या शेतावर होईल, मुंबईच्या विजेवर होईल, डोलवहालच्या कालव्यावर होईल आणि साजेच्या काठावर लावलेल्या राफ्टवरही होईल. तिथे राफ्ट वाहणारे, गाईडचं काम करणारे, गाड्या चालवणारे, जेवणाच्या पंगती वाढणारे आसपासच्या गावांतले लोक आहेत आणि त्यांची रोजी या पाण्याच्या वेळापत्रकाला बांधलेली आहे. राफ्टिंग हा सुटीच्या दिवसाचा खेळ असला तरी पाणीवाटपाच्या राजकारणाचं एक टोक त्याच्याही हातात येतं.

म्हणून परदेशी निघालेल्याला माझी विनंती आहे. जमलं तर आधी एकदा कोलाडला जा, आणि जाताना मुळशीच्या जलाशयाकाठी पाच मिनिटं थांबा. इथून बोगद्यात शिरणारं पाणी आपल्याला खाली भेटणार आहे, हे लक्षात ठेवून घाट उतरा. साजेला पाणी सुटायच्या आधी पोचलात तर पात्रातले कातळ उघडे दिसतील, त्यांच्यावर आदल्या दिवशीच्या पाण्याची रेघ दिसेल. ती रेघ नीट बघा, दुपारपर्यंत आपण तिच्यावरून जाणार आहोत. मग पुढच्या वर्षी आयुंगच्या किंवा कैतुनाच्या काठावर हेल्मेटचा पट्टा आवळताना, भाषा मोडकीतोडकी का असेना, गाईडला पहिला प्रश्न पाण्याचा विचारा. किती आहे, कुठून येतंय, चढतंय की उतरतंय. ज्याचं आयुष्य त्या नदीवर गेलंय तो माणूस या प्रश्नाने थांबेल, तुमच्याकडे नीट बघेल आणि नदीकडे बोट दाखवून सांगायला लागेल.